माती, नदी, माता : पेअर लॉरेन्झ यांचा कॅमेरा

सरकारच्या पैशांतून देशाचीच चूक पडद्यावर मांडणाऱ्या अमेरिकी चित्रपटकाराची जीवनकहाणी

पर्यावरण, आरोग्य आणि सामाजिक परिवर्तन या विषयांवरील माहितीपट आता शहरी प्रेक्षकाला नवे राहिलेले नाहीत. महोत्सवांत ते दाखवले जातात, वाहिन्यांवर त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवला जातो, महाविद्यालयांत त्यांच्यावर चर्चासत्रे रंगतात. मात्र धूप होऊन गेलेली जमीन, पुरात बुडालेली गावे किंवा बाळंतपणात दगावलेली स्त्री हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हेच ज्या काळात व्यावसायिकांना पटत नव्हते, त्या काळात पेअर लॉरेन्झ या अमेरिकी पत्रकाराने कॅमेऱ्याचा आधार घेतला. १९३६ ते १९४० या अवघ्या चार वर्षांत त्यांचे तीन चित्रपट प्रेक्षकांसमोर आले. पहिला मातीवर, दुसरा नदीवर आणि तिसरा मातांच्या मृत्यूवर. तिन्हींचा खर्च सरकारने उचलला आणि तिन्हींनी सरकारला, त्याहीपेक्षा समाजाला, अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. हे संकट आभाळातून कोसळले, की आपणच ते ओढवून घेतले, हा तो प्रश्न.

या प्रश्नाची किंमत लॉरेन्झ यांना मोजावी लागली. वयाच्या पस्तिशीच्या आत कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या या माणसाला पुढची पन्नास वर्षे त्या तोडीचा एकही चित्रपट करता आला नाही. म्हणूनच त्यांचे आयुष्य हे एका कलावंताचे चरित्र तर आहेच. पण लोकांच्या करातून उभा राहिलेला चित्रपट लोकांना अप्रिय सत्य सांगू शकतो का, या आजही अनुत्तरित असलेल्या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

जंगलतोडीच्या मुलखातून

लॉरेन्झ यांचा जन्म ११ डिसेंबर १९०५ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील क्लार्क्सबर्ग येथे झाला. त्यांचे मूळ नाव लिओनार्ड मॅकटॅगर्ट लॉरेन्झ. पुढे लेखनाला प्रारंभ केल्यावर त्यांनी वडिलांचे पेअर हे नाव धारण केले आणि तेच रूढ झाले. वडील मुद्रण व्यवसायात होते, तर आई गायिका होती. शब्द आणि स्वर यांचे संस्कार त्यांच्यावर असे घरातूनच झाले. त्यांच्या चित्रपटांत निवेदन आणि संगीत यांना जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या घरात शोधता येते.

त्यांच्या बालपणी वेस्ट व्हर्जिनियातील डोंगर झपाट्याने उघडे पडत होते. १८८० नंतरच्या चार दशकांत या राज्यातील मूळ अरण्याचा बहुतांश भाग लाकडासाठी तोडला गेला. त्याच वेळी कोळशाच्या खाणी जमीन पोखरत होत्या. क्लार्क्सबर्गजवळून वाहणाऱ्या वेस्ट फोर्क नदीचे पाणी मोनोंगहेला नदीला, तिचे ओहायोला आणि ओहायोचे अखेर मिसिसिपीला मिळते. डोंगरावरचे झाड तुटले की शेकडो मैल दूरच्या गावात पूर येतो, हे पुढे लॉरेन्झ यांनी अमेरिकेला समजावून सांगितले. त्या साखळीचे पहिले टोक त्यांच्या जन्मगावीच होते.

वेस्ट व्हर्जिनिया वेस्लियन महाविद्यालय आणि राज्याच्या विद्यापीठात काही काळ शिक्षण घेऊन ते विशीच्या आत न्यूयॉर्कला आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका व्यापारी नियतकालिकात त्यांनी काही काळ काम केले. १९२६ मध्ये ‘जज’ या विनोदी साप्ताहिकासाठी ते चित्रपट समीक्षा लिहू लागले. ‘व्हॅनिटी फेअर’, ‘मॅकॉल्स’ अशा नामांकित नियतकालिकांतूनही त्यांची समीक्षा प्रसिद्ध होत असे. हॉलिवूडच्या गोडगुलाबी कथांवर त्यांचा राग होता. चित्रपटांवरील सेन्सॉरशिपविरुद्ध मॉरिस अर्न्स्ट या विधिज्ञासमवेत त्यांनी लिहिलेले ‘सेन्सॉर्ड’ हे पुस्तक १९३० मध्ये प्रकाशित झाले.

फ्रँकलिन रुझवेल्ट १९३३ मध्ये अध्यक्षपदी आले तेव्हा अमेरिका महामंदीत होरपळत होती. रुझवेल्ट यांच्या पहिल्या वर्षावर चित्रपट करण्याची लॉरेन्झ यांची कल्पना होती. पैसे उभे राहिले नाहीत. तेव्हा त्याच सामग्रीतून त्यांनी १९३४ मध्ये छायाचित्रांचे पुस्तक काढले. त्यानंतर एका बड्या वृत्तपत्रसमूहासाठी ते वॉशिंग्टनमधील घडामोडींवर स्तंभ लिहीत. सरकारच्या शेतीविषयक धोरणाची त्यात स्तुती केल्याने त्यांची ही नोकरी गेली. समीक्षक म्हणून नाव झालेला, पण हाती कॅमेरा कधीही न धरलेला हा तिशीचा तरुण आता एका वेगळ्याच वळणावर येऊन उभा होता.

धुळीचा काळाकुट्ट रविवार

त्या सुमारास अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर निसर्गाचा कोप झाल्याचे चित्र होते. पाऊस रुसला होता आणि वाऱ्याबरोबर शेतातील माती उडून जात होती. मे १९३४ मध्ये उठलेल्या एका वादळाची धूळ थेट न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी आलेले वादळ इतके दाट होते, की भरदुपारी अंधार पसरला. तो दिवस काळा रविवार म्हणून इतिहासात नोंदला गेला. सुमारे दहा कोटी एकर क्षेत्राला या धूळसंकटाची झळ बसली. घरदार सोडून लाखो लोक जुन्या मोटारींत संसार कोंबून पश्चिमेकडे निघाले.

हा केवळ दुष्काळ नव्हता. या मैदानांवर पाऊस पूर्वीही अधूनमधून दगा देत असे. मात्र तेथील दाट गवताची मुळे मातीला धरून ठेवीत. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव भडकले आणि मिळेल त्या जमिनीत नांगर घातला गेला. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रांनी हे काम अभूतपूर्व वेगाने केले. युद्ध संपले, भाव कोसळले. तेव्हा घटलेले उत्पन्न भरून काढण्यासाठी आणखी जमीन मोडली गेली. पुढे पाऊस थांबला, पिके जळाली आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर स्वार झाली.

उद्ध्वस्त शेतकऱ्यांना सावरण्यासाठी रुझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन हे पुनर्वसन खाते स्थापन केले. अर्थतज्ज्ञ रेक्सफर्ड टगवेल त्याचे प्रमुख होते. या खात्यात छायाचित्रकारांचा एक विभागही होता. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांसारख्यांनी त्याच्यासाठी टिपलेली शेतकऱ्यांची छायाचित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. याच खात्याने लॉरेन्झ यांना चित्रपटासाठी पाचारण केले. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणापुरते छोटे चित्रपट सरकारला अभिप्रेत होते. त्याऐवजी चित्रपटगृहांत पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाने पाहावा अशा दर्जाचा एकच चित्रपट करावा, असा आग्रह लॉरेन्झ यांनी धरला.

नांगराची शोकांतिका

‘द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स’ या चित्रपटासाठी प्रारंभी अवघे सहा हजार डॉलर मंजूर झाले होते. प्रत्यक्षात खर्च १९ हजार डॉलरच्या वर गेला. हॉलिवूडच्या एका सामान्य चित्रपटापुढे ही रक्कम नगण्यच होती. राल्फ स्टायनर, पॉल स्ट्रँड आणि लिओ हर्विट्झ हे तिघे छायाचित्रणासाठी मोंटाना, वायोमिंगपासून टेक्सासपर्यंत फिरले. तिघेही कसलेले आणि राजकीयदृष्ट्या डावे. या विनाशाचे खापर भांडवलशाहीवर स्पष्टपणे फोडले जावे, अशी स्ट्रँड आणि हर्विट्झ यांची भूमिका होती. लॉरेन्झ यांना जमीन आणि माणूस यांच्या नात्याची गोष्ट सांगायची होती. वाद विकोपाला गेला आणि चित्रीकरण अडखळले. अखेर लॉरेन्झ यांची भूमिका कायम राहिली.

जुनी दृश्ये विकत घेण्यासाठी ते हॉलिवूडला गेले तेव्हा बड्या कंपन्यांनी सहकार्य नाकारले. सरकार चित्रपटनिर्मितीत उतरणार म्हणजे आपल्या धंद्यात वाटेकरी येणार, अशी त्यांची भीती होती. दिग्दर्शक किंग व्हिडॉर यांच्या मदतीने काही दृश्ये लॉरेन्झ यांच्या हाती आली. संकलनाचे तंत्र ते काम करता करता शिकले. संगीतकार व्हर्जिल थॉमसन यांनी तुटपुंज्या मानधनावर काम स्वीकारले आणि गुराख्यांची गाणी, चर्चमधील स्तोत्रे अशा लोकांच्या ओठावरच्या सुरांतून पार्श्वसंगीत रचले. निवेदनाला ऑपेरा गायक थॉमस चाल्मर्स यांचा धीरगंभीर आवाज लाभला.

अठ्ठावीस मिनिटांच्या या चित्रपटात कोणी नायक नाही. गवत, गुरे, रेल्वे, वसाहतकार, नांगर, युद्ध, गहू, दुष्काळ आणि धूळ अशा क्रमाने तो पुढे सरकतो. एका प्रसंगात शेतात चालणारे ट्रॅक्टर आणि रणांगणावरील रणगाडे आलटूनपालटून दाखवले आहेत. गव्हाच्या भावाचा आणि युद्धाचा संबंध सांगण्यासाठी तेथे आकडेवारीची गरज उरत नाही. या चित्रपटाचे खरे बळ येथे आहे. धुळीची वादळे वृत्तपटांतही दिसत होती. लॉरेन्झ यांनी वादळाच्या आधीची पन्नास वर्षे दाखवली.

बंद दारे, उघडी दारे

मार्च १९३६ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये रुझवेल्ट यांनी चित्रपट पाहिला आणि तो त्यांना अतिशय आवडला. १० मे रोजी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात त्याचा जाहीर खेळ झाला. समीक्षकांनी कौतुक केले, परंतु बड्या वितरकांनी दारे लावून घेतली. लघुपट म्हणून तो फार लांब आणि पूर्ण चित्रपट म्हणून फार छोटा, असे कारण पुढे करण्यात आले. न्यूयॉर्कमधील रियाल्टो चित्रपटगृहाचे चालक आर्थर मेयर यांनी मात्र तो लावला आणि हॉलिवूडने नाकारलेला चित्रपट अशीच त्याची जाहिरात केली. लॉरेन्झ स्वतः शहरोशहरी हिंडून समीक्षकांना आणि चित्रपटगृहांच्या मालकांना भेटले. त्यातून सुमारे तीन हजार स्वतंत्र चित्रपटगृहांपर्यंत हा चित्रपट पोहोचला.

१९३६ हे निवडणुकीचे वर्ष होते. सरकारी पैशाने केलेला प्रचार, अशी टीका विरोधकांनी केली. ती सर्वस्वी निराधारही नव्हती. पुनर्वसन खात्याच्या कामाचे गोडवे गाणारा एक भाग चित्रपटाच्या अखेरीस होता. तो पुढच्या प्रतींतून वगळण्यात आला. पण खरा संताप उसळला तो मैदानी राज्यांत. आमच्या भूमीची बदनामी झाली, आता जमिनीला भाव कोण देणार आणि कर्ज कोण देणार, असा तेथील लोकप्रतिनिधींचा सूर होता. अखेर १९३९ मध्ये हा चित्रपट सरकारने प्रसारातून मागे घेतला. जमिनीचे नुकसान आधीच झालेले होते. राग मात्र ते दाखवणाऱ्यावर निघाला.

एका खोऱ्याची गोष्ट

पहिल्या चित्रपटाच्या दगदगीने आणि खर्चाच्या कटकटींनी लॉरेन्झ इतके त्रासले होते, की त्यांनी नोकरी सोडण्याचा निर्णय टगवेल यांच्या कानावर घातला. निघता निघता त्यांचे लक्ष भिंतीवरील मिसिसिपीच्या नकाशाकडे गेले आणि याहून मोठी कथा देशात नाही, असे त्यांनी टगवेल यांना सुनावले. त्यातूनच दुसऱ्या चित्रपटाचा जन्म झाला. या वेळी सुमारे ५० हजार डॉलर मंजूर झाले.

‘द रिव्हर’ची कल्पना साधी आणि विराट होती. मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांचे खोरे अमेरिकेच्या मुख्य भूमीचा सुमारे ४० टक्के भाग व्यापते. त्या खोऱ्यातील कापूस, लाकूड, कोळसा, पोलाद यांवर देश श्रीमंत झाला. मात्र डोंगर बोडके झाले, शेतातील माती ओघळून गेली आणि पुराचे थैमान वर्षागणिक वाढले. दरवर्षी चाळीस कोटी टन सुपीक माती मेक्सिकोच्या आखातात वाहून जाते, असा आकडा चित्रपटात दिला आहे. माती गेली तशी माणसेही खचली. बटाईने जमीन कसणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्या आणि त्यांतील निस्तेज चेहरे हा या साखळीचा शेवटचा दुवा म्हणून पडद्यावर येतात. पर्यावरणाची हानी आणि दारिद्र्य हे दोन वेगळे विषय नाहीत, हे सूत्र आज सर्वमान्य आहे. १९३७ मध्ये ते चित्रपटातून मांडणे नवे होते.

विलार्ड व्हॅन डाइक, स्टेसी वुडर्ड आणि फ्लॉइड क्रॉस्बी यांनी छायाचित्रण केले. काम आटोपत आले असतानाच जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीने रौद्र रूप धारण केले. सुमारे दहा लाख लोक बेघर झाले आणि साडेतीनशेहून अधिक प्राण गेले. लॉरेन्झ यांनी आपले पथक तातडीने पूरग्रस्त भागात नेले. कारणे आधी चित्रित झाली होती, आता परिणाम प्रत्यक्ष समोर आला होता.

निवेदनासाठी लॉरेन्झ यांनी नद्यांच्या, गावांच्या आणि झाडांच्या नावांची लयबद्ध मालिका गुंफली. या मजकुराचा विचार पुलित्झर पुरस्कारासाठी काव्य विभागात झाला आणि जेम्स जॉइस यांच्यासारख्या साहित्यिकानेही त्याची वाखाणणी केली. २९ ऑक्टोबर १९३७ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या शहरात, पहिला खेळ झाला. या वेळी पॅरामाऊंटसारख्या बड्या कंपनीने वितरण स्वीकारले.

१९३८ च्या व्हेनिस महोत्सवात ‘द रिव्हर’ सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला. त्याच महोत्सवात नाझी राजवटीच्या पाठबळावर लेनी रिफेन्श्टाल यांनी केलेल्या ‘ऑलिंपिया’ला मुसोलिनी चषक मिळाला. दोन्ही चित्रपट सरकारी पैशांवर उभे होते. एकात राष्ट्राच्या सामर्थ्याचे भव्य दर्शन होते, तर दुसऱ्यात राष्ट्राने स्वतःच्या भूमीची केलेली नासाडी होती. सरकारी चित्रपट कोणत्या दोन दिशांनी जाऊ शकतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

बाळंतिणीच्या खाटेपाशी

‘द रिव्हर’च्या यशानंतर रुझवेल्ट यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये युनायटेड स्टेट्स फिल्म सर्व्हिस ही संस्था स्थापन करून तिची सूत्रे लॉरेन्झ यांच्याकडे दिली. माती आणि पाणी यांच्यानंतर आता आरोग्याचा विषय त्यांनी हाती घेतला. त्या काळी अमेरिकेत बाळंतपण ही जिवावरची गोष्ट होती. १९३० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ६७० माता दगावत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि झटके ही प्रमुख कारणे होती आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे होते.

विज्ञानलेखक पॉल डी क्राइफ यांच्या पुस्तकावर आधारित ‘द फाइट फॉर लाइफ’ हा सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट शिकागोच्या गरीब वस्तीत चित्रित झाला. डॉ. जोसेफ डीली यांनी उभारलेल्या शिकागो मॅटर्निटी सेंटरचे डॉक्टर आणि परिचारिका तेथील चाळवजा इमारतींत घरोघरी जाऊन बाळंतपणे करीत. प्रारंभीच एक स्त्री बाळाला जन्म देऊन मरण पावते. एका तरुण डॉक्टरला हा मृत्यू अस्वस्थ करतो आणि तो या केंद्रात शिकायला जातो, असे कथासूत्र आहे. डॉक्टरांच्या भूमिका व्यावसायिक नटांनी केल्या, तर बहुतेक माता त्याच वस्तीतील होत्या. लुई ग्रुएनबर्ग यांच्या संगीतात हृदयाच्या ठोक्यांची लय विणलेली आहे. या संगीताला ऑस्करचे नामांकन लाभले. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ मध्ये शिकागोत राहून लॉरेन्झ यांना या कामात साथ दिली.

स्वच्छ हात, उकळलेली साधने, वेळेवर मिळालेले रक्त आणि प्रशिक्षित डॉक्टर एवढ्यावर आईचा जीव वाचतो, हे चित्रपट शांतपणे दाखवतो. पण वाचलेली ती आई परत कोणत्या घरात जाणार, हा पुढचा प्रश्नही लॉरेन्झ टाळत नाहीत. अंधाऱ्या खोल्या, घाणीने भरलेल्या गल्ल्या आणि अर्धपोटी मुले कॅमेऱ्याने दूर ठेवली नाहीत. ३१ डिसेंबर १९३९ च्या रात्री हा चित्रपट व्हाइट हाऊसमध्ये दाखवण्यात आला आणि १९४० मध्ये तो प्रदर्शित झाला.

याच संस्थेच्या छत्राखाली इतर थोर दिग्दर्शकांनाही काम मिळाले. डच चित्रपटकार जोरिस इव्हेन्स यांनी ग्रामीण विद्युतीकरणावर ‘पॉवर अँड द लँड’ केला. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दहांपैकी जवळपास नऊ शेतघरांत वीज नव्हती. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’चे निर्माते रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी शेतजमिनीच्या दुरवस्थेवर ‘द लँड’चे काम सुरू केले. बेरोजगारीवरील ‘एक्से होमो’ हा लॉरेन्झ यांचा स्वतःचा चित्रपट मात्र कधीच पूर्ण झाला नाही.

काँग्रेसने कात्री चालवली

अध्यक्षांचा वरदहस्त हे फिल्म सर्व्हिसचे बळ होते, तसाच तो तिचा कच्चा दुवाही होता. तिच्या पाठीशी स्वतंत्र कायदा नव्हता आणि मदतकार्यासाठी मंजूर झालेल्या निधीतून तिला पैसा मिळत असे. १९४० मध्ये अमेरिकी संसदेत याच मुद्द्यांवर तिच्यावर हल्ला झाला. झोपडपट्ट्यांचे दर्शन घडवून देशाची बदनामी करण्यासाठी सरकारने पैसे का द्यावेत, असाही रोख होता. रुझवेल्ट यांचे विरोधक तर टीकेत होतेच, शिवाय युद्धाच्या सावटामुळे देशाचे प्राधान्यक्रम बदलू लागले होते. संसदेने निधी नाकारला आणि जून १९४० अखेर संस्था बंद पडली. तिचे आयुष्य दोन वर्षांचेही भरले नाही.

पुढे आरकेओ कंपनीसाठी लॉरेन्झ यांनी हाती घेतलेला एक चित्रपट १९४२ मध्ये अर्ध्यावरच गुंडाळला गेला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात दाखल झाले आणि जगभरच्या हवाई मार्गांची ओळख वैमानिकांना करून देणाऱ्या शेकडो प्रशिक्षणपटांचे काम त्यांनी पाहिले. युद्धानंतर व्याप्त देशांसाठीच्या चित्रपट विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. नाझी नेत्यांवरील खटल्याचा ‘न्यूरेंबर्ग’ हा माहितीपट त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. स्टुअर्ट शुलबर्ग यांनी तो पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो जर्मनीत दाखवला गेला. लॉरेन्झ यांनी १९४७ मध्येच राजीनामा दिला होता. हा चित्रपट अमेरिकेत दाखवण्यासाठी त्यांनी पुढे स्वतः प्रयत्न केले. मात्र लष्कराने अनुमती दिली नाही. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि कालचा शत्रू आजचा मित्र होऊ पाहत होता.

त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सल्लागार म्हणून व्यवसाय केला. योजना अनेक होत्या, पैसा देणारा कोणी नव्हता. सरकारला त्यांच्या स्वातंत्र्याची धास्ती होती आणि चित्रपटउद्योगाला त्यांच्या विषयांत नफा दिसत नव्हता. गौरव उशिरा, पण झाला. १९८१ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचा सन्मान केला. ‘द रिव्हर’ १९९० मध्ये आणि ‘द प्लाऊ’ १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात समाविष्ट झाला. ४ मार्च १९९२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील आर्माँक येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन प्रकाशित झाले.

उणिवा आणि वारसा

आजच्या दृष्टीने पाहता लॉरेन्झ यांच्या चित्रपटांतील त्रुटी लपत नाहीत. मैदानांची कथा सांगताना तेथून हुसकावल्या गेलेल्या मूळ रहिवाशांचा विसर त्यांना पडला. मिसिसिपीच्या कापूसशेतीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे दुःख त्यांनी ओझरतेच दाखवले. नदीवरील उपाय म्हणून त्यांनी १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या धरणांकडे बोट दाखवले. या धरणांनी वीज दिली आणि पूर रोखले, पण त्यांच्यासाठी पंधरा हजारांच्या आसपास कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांची व्यथा चित्रपटात नाही. चुकांची कारणे शोधताना निर्भय असलेला हा कॅमेरा सरकारी उपायांपुढे मात्र काहीसा भाबडा होतो.

टेनेसी खोऱ्याचा तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवून भारतात १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि धरणांबरोबर विस्थापनाचा प्रश्नही आला. याच वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. शेती, कुटुंबनियोजन, देवीची लस अशा विषयांवरील तिचे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी पाहिल्याचे एका संपूर्ण पिढीला स्मरत असेल. अमेरिकेत लॉरेन्झ यांना चित्रपटगृहांची दारे ठोठवावी लागली. भारतात कायद्याने ती उघडी होती. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दोन्ही देशांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. पडदा मिळणे किंवा न मिळणे हा निम्मा प्रश्न आहे. पडद्यावर काय दाखवायचे, हे ठरवण्याची मोकळीक कोणाकडे, हा उरलेला निम्मा.

लॉरेन्झ यांना ही मोकळीक सुमारे पाच वर्षे मिळाली. अमेरिकेच्या मातृमृत्यूचे प्रमाण १९४० पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आले. मातीच्या संधारणासाठी १९३५ मध्येच कायदा झाला होता. याचे श्रेय एकट्या चित्रपटांना देणे योग्य होणार नाही. डॉक्टर, शास्त्रज्ञ, अधिकारी आणि शेतकरी यांचे ते काम आहे. चित्रपटाने एवढेच केले, की शहरातल्या अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या माणसाला आपल्या ताटातील भाकरीचा उडून गेलेल्या मातीशी असलेला संबंध दाखवून दिला.

सरकारी निर्मिती असल्याने या चित्रपटांवर आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही आणि ते कोणालाही पाहता येतात. ज्या संसदेने लॉरेन्झ यांचा निधी तोडला, तिच्या त्या दिवसांच्या भाषणांची आठवण फारशी कोणी काढत नाही. नदीच्या नावांची ती लयबद्ध मालिका मात्र चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना आजही ऐकवली जाते.